ब्लॅक बुकवरचं चौथं नाव: गटात गेलं की माणूस का बदलतो?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आमचा चौघांचा ग्रुप होता. एकाने सर्किट बनवलं, प्रोग्रॅम लिहिला आणि रात्र रात्र जागून तो चालता केला. दुसऱ्याने रिपोर्ट टाइप करून, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं टाकून ब्लॅक बुक तयार करून आणलं. तिसरा गाईडच्या मागे फिरून सह्या मिळवायचा. चौथ्याने एकदा लॅमिंग्टन रोडवरून थोडे सुटे पार्ट आणले आणि बाकी वर्षभर ‘काही लागलं तर सांगा रे’ एवढंच म्हणत राहिला. तो चौथा म्हणजे मी.

आता मला सरळ आळशी म्हणून मोकळं व्हावं, तर त्याच वर्षी कॉलेजच्या एकांकिकेसाठी मी दोन महिने रात्री अकरापर्यंत तालमीला थांबत होतो. सेटच्या फ्लॅट्सना खिळे ठोकत होतो, टेम्पोत सामान चढवत होतो, कुणी न सांगता. माणूस तोच, वर्ष तेच. एका गटात अंग चोरणारा आणि दुसऱ्या गटात राबणारा.

आपल्या म्हणींचंही यावर एकमत नाही. एक म्हणते, गाव करी ते राव न करी. दुसरी म्हणते, बारभाईची खेती, काय लागेल हाती. दोन्ही अनुभवातूनच आल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. कुठल्या वेळी कुठली लागू पडते, हा खरा प्रश्न. गंमत म्हणजे तो लोकांनी चक्क मोजून पाहिला आहे.

सुरुवात एका फ्रेंच कृषी अभियंत्यापासून करायला हवी. माक्स रिंगेलमन हे १८८०च्या दशकात बैल, घोडे, यंत्रं आणि माणसं यांची ताकद शेतकामात किती उपयोगी पडते हे मोजत होते. त्यात माणसांना एकेकट्याने आणि मग घोळक्याने दोर ओढायला लावणंही आलं. १९१३ साली त्यांनी हे छापलं, तेव्हा एक कोष्टक दिलं. एकट्या माणसाचं काम १ धरलं, तर दोघांचं २ भरायला हवं. भरलं १.८६. चौघांचं ३.०८. सात जणांचं ३.९२ आणि आठ जणांचंही ३.९२. म्हणजे आठवा माणूस आला, त्याने जोर लावला, घामही गाळला असेल, आणि बेरजेत भर पडली शून्याची.

याचं एक कारण कुणालाही सुचेल. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही. एक ओढतो तेव्हा दुसरा श्वास घेत असतो. म्हणूनच होडी वाळूवर ओढताना किंवा जड कपाट जिन्यावरून चढवताना कुणीतरी ‘हैय्या’ची आरोळी देतो. रिंगेलमन यांचाही कल याच कारणाकडे होता.

पण १९७४ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी यात एक खोच काढली. त्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोराच्या सगळ्यात पुढच्या जागी उभं केलं आणि भासवलं की मागे आणखी माणसं ओढताहेत. प्रत्यक्षात मागे कुणी ओढतच नव्हतं. ताळमेळ चुकायला दुसरं माणूसच नाही! तरी त्याची ओढ कमी झाली. ‘मागे लोक आहेत’ एवढ्या समजुतीने हात सैल पडला.

पुढे १९७९ मध्ये बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि बेंबीच्या देठापासून ओरडायला लावलं. सहा जण एकत्र असले की माणशी आवाज एकट्याच्या आवाजाच्या साधारण ४० टक्क्यांवर यायचा. आरतीला टाळ्या वाजवताना स्वतःचे हात एकदा नीट पाहा, मग या आकड्याचं आश्चर्य वाटणार नाही. या प्रकाराला मानसशास्त्रात ‘सामाजिक आळस’ अशा अर्थाचं नाव आहे. मला ते नाव पटत नाही, कारण त्यातून दोष माणसाच्या स्वभावाकडे जातो. याच मंडळींनी १९८१ मध्ये केलेला पुढचा प्रयोग वेगळंच सांगतो. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर ही घसरण जवळपास नाहीशी झाली. माणसं तीच, ओरडणंही तेच. फरक एवढाच की आता प्रत्येकाचा वाटा ओळखू येणार होता.

बिरबलाची गोष्ट आठवते ना? प्रत्येकाने हौदात रात्री एकेक घागर दूध ओतायचं असतं आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला निघतो. त्या गोष्टीत ‘रात्री’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे.

माझंही कोडं इथे अर्धं सुटतं. एकांकिकेत दुसऱ्या प्रवेशाआधीच्या अंधारात टेबल मीच हलवणार होतो. मी चुकलो तर दिवे लागल्यावर सगळं प्रेक्षागृह ते पाहणार होतं. प्रोजेक्टमध्ये माझा वाटा कुठला, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

इथपर्यंत ऐकून बरेच साहेब लोक खूश होतात आणि कॅमेरे, बायोमेट्रिक, दर तासाचा रिपोर्ट असं काहीतरी सुरू करतात. जरा थांबा. सगळ्यांच्या नजरेखाली असण्याचा परिणाम कामागणिक बदलतो आणि हे दाखवणाऱ्या सगळ्यात मजेशीर प्रयोगात माणसं नाहीत, झुरळं आहेत. रॉबर्ट झायन्स यांनी १९६९ साली झुरळांच्या शर्यती लावल्या. झुरळ उजेडापासून पळतं, म्हणून एका टोकाला दिवा लावायचा. वाट सरळ असली तर बाजूला प्रेक्षक झुरळं ठेवल्यावर धावणारं झुरळ जास्त वेगाने पळालं. वाट वळणाची, गोंधळात टाकणारी असली तर प्रेक्षकांपुढे त्याला जास्त वेळ लागला.

माणसाचं फारसं वेगळं नाही. मुरलेलं काम चार लोकांसमोर आणखी खुलतं, नवीन काम चार लोकांसमोर बिघडतं. गायकाची मैफल रंगते ती प्रेक्षकांमुळे, पण नवी तान तो घरी दार लावून घोटतो. गणिताचं नवं प्रकरण सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पोराला फळ्यापाशी उभं केलं की त्याचा खडू थिजतो, आणि वर्ग हसला की प्रकरण तिथेच संपतं.

म्हणजे अडचण बघा. अंगचोरी थांबवायला प्रत्येकाचा वाटा उजेडात हवा आणि शिकायला थोडा आडोसा हवा. दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुरेख उत्तर टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांतून आलं.

साल १९७१. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं होतं. शाळांत मारामाऱ्या होत होत्या. एलियट अॅरन्सन हे मानसशास्त्रज्ञ तेव्हा तिथल्या विद्यापीठात होते. त्यांना मदतीला बोलावलं गेलं. त्यांनी आधी वर्गात मागे बसून नुसतं पाहिलं. काय दिसलं? जे आपल्या कुठल्याही वर्गात दिसतं तेच. बाई प्रश्न विचारतात, सहा-सात हात वर जातात, ‘बाई मी, बाई मी’ सुरू होतं. एकाला संधी मिळते, बाकीचे चेहरे पडतात, आणि उत्तर चुकलं की तेच चेहरे उजळतात. दुसऱ्याचं चुकणं ही आपली संधी. अशा वर्गात ज्याची भाषा वेगळी, ज्याची आधीची शाळा कमकुवत, तो रोज हरणार हे ठरलेलंच.

अॅरन्सन यांनी मुलांना एकोप्याचे धडे दिले नाहीत. त्यांनी अभ्यासाची मांडणीच बदलली. समजा, धडा एखाद्या मोठ्या व्यक्तीचं चरित्र आहे. त्याचे सहा तुकडे करायचे: बालपण, शिक्षण, पुढची कामगिरी वगैरे. सहा मुलांच्या गटात प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. परीक्षा मात्र अख्ख्या चरित्रावर. बाकीचे पाच तुकडे मिळण्याचा मार्ग एकच, गटातल्या बाकीच्या पाच जणांचं ऐकणं. चित्रकोड्याचे तुकडे जोडावेत तसं हे, म्हणून पद्धतीचं नाव पडलं जिगसॉ.

आणि आडोसा? तीच तर यातली खुबी आहे. आपल्या गटापुढे बोलण्याआधी, वेगवेगळ्या गटांतली एकाच तुकड्याची मुलं एकत्र जमतात. आपसांत वाचतात, अडलेलं विचारतात, सांगायचं कसं याची तालीम करतात. मग आपापल्या गटात परततात. म्हणजे आधी वळणाची वाट प्रेक्षकांविना, मग सरळ वाट प्रेक्षकांसमोर.

सुरुवात गोड अजिबात नव्हती. अॅरन्सन एका मेक्सिकन वंशाच्या मुलाची हकिगत सांगतात. त्याचं इंग्रजी अडखळत असे. पूर्वीच्या वर्गात तो बोलला की मुलं हसायची, म्हणून बाईंनी त्याला विचारणंच सोडून दिलं होतं. त्याला लाज वाटू नये एवढाच बाईंचा हेतू. यावर थोडं थांबावंसं वाटतं. हा दयेपोटी टाकलेला बहिष्कार आहे, आणि आपल्याकडेही तो घडतो. पावरी किंवा कोरकू बोलणारं मूल पुस्तकी मराठीच्या वर्गात अडखळलं की चांगल्या मनाची बाईसुद्धा ‘बस बाळ’ म्हणते आणि पुढच्या मुलाकडे वळते. मूल सुटतं आणि मागेही पडतं.

जिगसॉच्या गटात या मुलाची पाळी आली. तो अडखळला आणि मुलांनी सवयीने टर उडवली. तेव्हा तिथे असलेल्या मदतनिसाने नीतिपाठ दिला नाही, एवढंच लक्षात आणून दिलं की चिडवण्यात मजा असेल, पण त्यातून याच्याकडचा तुकडा तुम्हाला कळणार नाही, आणि परीक्षा तर जवळ आली आहे. काही दिवसांत मुलांची चाल बदलली. कसं विचारलं म्हणजे हा मोकळा बोलतो, हे ती शिकली. प्रश्न नीट आले तसा तो खुलला. तो खुलल्यावर इतरांना कळलं की या पोराला समजत सगळं होतं.

आठवड्यांच्या हिशेबात फरक दिसला. या वर्गांतल्या मुलांना एकमेकं जास्त आवडू लागली, स्वतःबद्दलचं मत सुधारलं, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे गुण वाढले आणि गोऱ्या मुलांचे घटले नाहीत. नंतर अनेक देशांत हे करून पाहिलं गेलं. प्रत्येक ठिकाणी गुण तसेच वाढले असं नाही, त्यामुळे ही जादूची कांडी समजू नये. तुकडे नीट पाडले नाहीत किंवा तालीम घाईत उरकली, तर एकाचं अर्धवट ज्ञान सगळ्या गटाला मिळतं, हा धोका उघडच आहे.

आपल्या शाळांतलं नेहमीचं गटकार्य आठवलं की फरक कळतो. ‘सहा जण मिळून तक्ता बनवा.’ सुंदर अक्षराची मुलगी लिहिते, चित्रकला येणारा रंगवतो, उरलेले चौघे स्केचपेनची टोपणं सांभाळतात. याला गट म्हणणं म्हणजे एसटी स्टँडवरच्या रांगेला कुटुंब म्हणण्यासारखं आहे. सगळे जवळ आहेत, पण कुणाचं कुणावाचून अडत नाही.

एकमेकांवाचून अडणं जमलं तरी आणखी एक गाठ उरते. तोंड उघडण्याची.

१९९०च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अंदाज साधा होता: ज्या वॉर्डांतल्या परिचारिकांची टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त! बाईंना आधी धक्काच बसला. मग खोदून पाहिल्यावर उलगडलं. चांगल्या टीममध्ये चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. दुसरीकडे हेड नर्सच्या धाकाने त्या झाकल्या जात होत्या, त्यामुळे वही कोरी आणि वॉर्ड धोक्यात. ‘मला कळलं नाही’, ‘माझं चुकलं’, ‘सर, हे बरोबर वाटत नाही’ ही तीन वाक्यं शिक्षा न होता बोलता येणं, याला त्यांनी पुढे मानसिक सुरक्षितता म्हटलं. हे गोड गोड वागण्याहून वेगळं आहे. जिथे सगळेच गोड बोलतात तिथे ही तीन वाक्यं सहसा ऐकूच येत नाहीत.

आणि बोलले तरी लोक नेमकं काय बोलतात? आपल्या हाउसिंग सोसायटीची सभा डोळ्यांसमोर आणा. विषय पुनर्विकासाचा. जुन्या सेक्रेटरींना माहीत आहे की कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचा, एक कागद अडकलेला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भाच्याच्या इमारतीत याच बिल्डरने भाडं थकवलंय. बँकेतल्या गृहस्थांना हमीपत्रातली मेख कळते. तिघांच्या तीन गोष्टी एकत्र आल्या तर निर्णय सोपा. प्रत्यक्षात दीड तास चालतं पार्किंगवर, कारण पार्किंगबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत असतं. स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. उमेदवार निवडण्यासाठी गटाला माहिती अशी वाटून दिली की सगळे तुकडे जोडले तरच योग्य माणूस दिसेल. बहुतेक गट सगळ्यांकडे असलेल्या माहितीवरच घोळत राहिले आणि चुकीचा माणूस निवडून उठले. उपाय आहे. सभेआधी प्रत्येकाकडून ‘फक्त मलाच माहीत असलेली एक गोष्ट’ लिहून घ्यावी आणि अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी बोलावं. दुसरा भाग आपल्याकडे अवघड जातो, हे मान्य.

२०१० मध्ये अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ जणांना लहान लहान गटांत विभागून तऱ्हेतऱ्हेची कामं दिली. गट एकूण किती हुशार ठरतो, याचा गटातल्या सर्वांत हुशार माणसाशी फारसा संबंध निघाला नाही. दुसऱ्याचा चेहरा वाचता येणारी माणसं किती आणि बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळते का, यांच्याशी जास्त निघाला.

आता मुंबईच्या डबेवाल्यांकडे येतो, कारण वरचं सगळं वाचून त्यांची पद्धत मला नव्याने दिसली. त्यांच्या जवळजवळ बिनचूक कामाला ‘सिक्स सिग्मा’ दर्जाचं म्हणणाऱ्या कौतुककथा बाजूला ठेवा. मला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळी आहे. वीस-पंचवीस जणांचा गट, वर एक मुकादम, आणि खर्च वजा जाता कमाई गटात सारखी वाटायची. रिंगेलमन यांचं कोष्टक खरं मानलं तर इथे अंगचोरीचा सुकाळ व्हायला हवा.

होत नाही, कारण प्रत्येकाच्या हातातला तुकडा दिसतो. ठरलेली घरं, ठरलेले तीस-चाळीस डबे. साडेनऊला कोण आला नाही हे स्वयंपाकघरातल्या ताईंना आधी कळतं. डबा एकच माणूस शेवटपर्यंत नेत नाही. घरून उचलणारा, स्टेशनवर वर्गवारी करणारा, लोकलच्या लगेज डब्यातून नेणारा, ऑफिसात पोहोचवणारा अशी साखळी असते आणि झाकणावरच्या रंगीत खुणा ही सगळ्यांची सामाईक भाषा असते. एक कडी उशिरा आली की पुढच्याची गाडी चुकते. त्यात यातले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातले. मुंबईत केलेली कुचराई जत्रेआधी गावी पोहोचते. आणि गटात एखाद-दोन माणसं जादा ठेवलेली असतात, कुणी आजारी पडला तर त्याची घरं सांभाळायला. म्हणजे अडचण सांगायला माणूस घाबरत नाही, कारण सांगितल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं आहे. १८९० पासून चालत आलेल्या या धंद्याला मानसशास्त्राच्या पुस्तकाची गरज पडली नाही. करोनाने मात्र त्याचं कंबरडं मोडलं, आणि ती चूक कुठल्याच गटाची नव्हती.

उरली माझी गोष्ट. ओरलच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री आमच्यातला तो सर्किट बनवणारा माझ्या खोलीवर आला. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, प्रत्येकाला वेगळं विचारतात अशी खबर होती. तो म्हणाला, “तू फक्त पॉवर सप्लायचा भाग सांग. तेवढाच. पण नीट.” आणि रात्री दोनपर्यंत त्याने मला तो समजावला. मी मठ्ठासारखे प्रश्न विचारत होतो, खोलीत तिसरं कुणी नसल्याने बिनधास्त विचारत होतो. एका प्रश्नापाशी तो थांबला, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “अरे, हा रेझिस्टर इथे का आहे, हे मलाही आत्ता कळलं.” दुसऱ्याला शिकवायचं म्हणून अभ्यास करणारा स्वतःपुरतं वाचणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो, हे १९८० सालच्या एका प्रयोगात दिसलेलं आहे, पण ते मी फार नंतर वाचलं.

दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नलनी त्याला विचारलं ब्लॅक बुकच्या प्रस्तावनेतलं. मला विचारलं, हा रेझिस्टर इथे का?